रेडिओचा कान

रेडिओ सगळं घर ऐकायचं, पण लावायचा एकानेच. आमच्या साताऱ्याच्या घरात हा मान वडिलांचा होता. फिलिप्सचा व्हॉल्व्हचा रेडिओ पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर, त्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि त्या रुमालाची पुढची कड वर करायचा हक्क फक्त वडिलांना. कड वर झाली की घर गप्प व्हायचं. बटण फिरवताना वडील श्वास रोखायचे, म्हणून आम्हीही रोखायचो. सुई दोन स्टेशनांच्या मधे असताना जी शीळ यायची तिचीसुद्धा आमच्याकडे अदब राखली जायची. त्या वेळी कोणी शिंकलं तर "गप, लागतंय" असा दम मिळायचा. काय लागतंय हे विचारायची पद्धत नव्हती. जे लागेल ते ऐकायचं, आणि हेच आपल्याला हवं होतं असं समजायचं.

या हक्काला सरकारचीही मान्यता होती. तेव्हा रेडिओ बाळगायला लायसन्स लागायचं. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तकात नोंद करून घ्यायची. लायसन्स वडिलांच्या नावावर, त्यामुळे कायद्याच्या नजरेत घरातला अधिकृत श्रोता एकच. आई, आजी आणि आम्ही भावंडं त्यांच्या कानांतून उरलेलं ऐकत होतो. १९८०च्या दशकात लायसन्स रद्द झालं. वडिलांचा हक्क त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिला, कारण तो रद्द करून देणारं पोस्ट कुठेच नव्हतं.

देशाचा रेडिओही काही काळ असाच एका माणसाच्या हाती होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताने देशाचं भलं होणार आणि सिनेमाच्या गाण्यांनी वाटोळं, हे त्यांचं ठाम मत. सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. जनतेने मंत्र्याशी वाद घातला नाही. तिने आपापल्या घरातलं बटण फिरवलं आणि रेडिओ सिलोन लावलं. बुधवारी रात्री अमीन सयानी बोलायला लागले की आपलं संगीतखातं कोण चालवतंय याच्याशी कोणाला देणंघेणं नसायचं. शेवटी १९५७ साली विविध भारती काढून सरकारला आपल्याच श्रोत्यांच्या मागे धावावं लागलं. बाजाच्या पेटीवर तर त्याच्याही आधीपासून, १९४० पासून, आकाशवाणीत बंदी होती. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, जिथला माणूस नाट्यपद म्हटलं की आधी पेटीला कोण बसलंय हे विचारतो, तिथे ही बंदी कशी गिळली असेल देव जाणे. सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं १९६३ साली, केसकरांचं मंत्रिपद गेल्यावर. हा निव्वळ योगायोग आहे असं मी मानतो. माझे सासरे मानत नाहीत.

सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत पेढीवर ते दिवाणजी होते. पेढीची वही, हळदीचा भाव आणि आकाशवाणी सांगली, मीडियम वेव्ह, १२५१ किलोहर्ट्‌झ, एवढ्यांवरच त्यांचा विश्वास. त्यांच्या ट्रान्झिस्टरची सुई १२५१ वर इतकी वर्षं बसून आहे की आता ती हलेल असं कोणाला वाटतही नाही. पण अलीकडे त्या ट्रान्झिस्टरमधून सांगलीच्या आधी गुरगुर ऐकू यायला लागली. यात केंद्राचा काही दोष नाही. घरात एलईडीच्या ट्यूब आल्या, मोबाइलचे चार्जर आले, टीव्हीचा डबा आला, आणि या प्रत्येकाच्या पोटात सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करणारं एक सर्किट असतं. त्याचा गोंगाट नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात सांडतो. तिथे आवाज लहरीच्या उंचीवर स्वार झालेला असतो, आणि गोंगाटही उंचीतच ढवळाढवळ करतो. मग निवेदक कोण आणि चार्जर कोण हे बिचाऱ्या रेडिओला निवडता येत नाही. आप्पांनी यावर दिवाणजीला शोभेल असा उपाय काढला. बातम्यांच्या वेळी घरातली सगळी बटणं बंद. संध्याकाळी विश्रामबागेत एखादं घर वीज असून अंधारात बसलेलं दिसलं, तर ती माझी सासुरवाडी समजावी.

आप्पांचा नातू, म्हणजे माझ्या बायकोचा भाचा, इंजिनिअरिंगला आहे. सांगलीत वालचंदचं कॉलेज १९४७ पासून आहे, तिकडे कऱ्हाडला सरकारी कॉलेज १९६० पासून, त्यामुळे या कृष्णाकाठी पिढ्यान्‌पिढ्या इंजिनिअर पिकतात. घरात बंद पडलेला मिक्सर उघडायला त्यांतला एकही तयार नसतो, पण चालू असलेली वस्तू सुधारायला सगळे तयार. पोराने अंधारातल्या बातम्या एकदा पाहिल्या आणि जाहीर केलं, "आप्पा, मी तुम्हाला एफएमचा ट्यूनर करून देतो. कॉम्प्युटरवर चालणारा. रास्पबेरी पाय."

"रास्पबेरी महाबळेश्वरला होते," आप्पा म्हणाले. "सातारा जिल्हा."

पोराने समजावून सांगितलं की हा पत्त्याएवढ्या पाटीवरचा संगणक. केंब्रिजमधल्या काही मंडळींनी, मुलांनी प्रोग्रॅम लिहायला शिकावं म्हणून, तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आणला. पहिल्याचा भाव पस्तीस डॉलर. आप्पांनी फक्त तारखेची दखल घेतली. २९ फेब्रुवारीला कोणी नवीन वही घालत नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं.

मग पोरगा पुण्याला गेला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सची जी दुकानं आहेत, तिथे पुडीत बांधून ट्रान्झिस्टर मिळतात आणि दुकानदार गिऱ्हाइकाला आधी परीक्षा घेऊन मगच माल देतो. तिथून त्याने काडेपेटीपेक्षा लहान एक ट्यूनर आणला. त्यावर टीईए ५७६७ नावाची चिप. तीही फिलिप्सच्याच घराण्यातली. वडिलांचा फिलिप्स अख्खी फळी अडवून बसायचा, हा शर्टाच्या खिशात हरवतो.

पुढचं काम मी सांगलीला गेलो असताना समोर बसून पाहिलं, आणि मला ते आवडलं हे कबूल केलं पाहिजे. त्या संगणकाच्या कडेला चाळीस बारीक पिना असतात. त्यातल्या चारच लागतात: एक वीज देणारी, एक जमिनीची, आणि दोन बोलायच्या. दोन तारांवर सगळा कारभार. एका तारेवर ठेका चालतो, दुसऱ्या तारेवर त्या ठेक्यात शब्द टाकायचे. या दोन तारांवर एकाच वेळी पुष्कळ यंत्रं बसू शकतात, म्हणून प्रत्येकाला पत्ता असतो. आमच्या ट्यूनरचा साठ. संगणक "साठ" अशी हाक मारतो, ट्यूनर हुंकार देतो, आणि मग त्याला पाच बाइट सांगायचे. स्टेशन कोणतं, आवाज बंद की चालू, शोध घ्यायचा तर वर की खाली, सगळं त्या पाचांत. सहावा शब्द नाही. आमच्या घराण्यात इतक्या थोडक्यात कोणी कोणाला काही सांगितल्याचं ऐकिवात नाही.

त्यातही स्टेशनचा आकडा सरळ सांगून भागत नाही. १०३.१ मेगाहर्ट्‌झ हवं असेल तर त्यात ०.२२५ मिळवायचे, चाराने गुणायचं, आणि जे येईल ते हर्ट्‌झमध्ये मांडून ३२,७६८ ने भागायचं. उत्तर १२,६१२. ३२,७६८ कुठून आले? ट्यूनरच्या पाटीवर एक स्फटिक आहे, तो सेकंदाला बरोबर इतक्या वेळा थरथरतो. मनगटावरच्या क्वार्ट्‌झ घड्याळात तोच असतो. पंधरा वेळा निम्मं करत गेलं की एक उरतो, म्हणजे एक सेकंद. तर घड्याळाचा स्फटिक रेडिओत घालून, वडील दोन बोटांनी जे करायचे ते आता गुणाकार-भागाकाराने होत होतं. आप्पांना हा भाग फार पटला. आकडा कागदावर मांडून उत्तर काढायचं आणि मगच वस्तूला हात लावायचा, याला ते हिशोब म्हणतात. त्यांनी भागाकार स्वतः करून पाहिला आणि बाकी किती उरली ते विचारलं. पोरगा म्हणाला, बाकी सोडून द्यायची. आप्पांच्या चेहऱ्यावर प्रथमच संशय आला.

सगळं जुळलं. पोराने मोबाइलवर बोट ठेवलं, आणि कोल्हापूरचं एक स्टेशन खोलीत घुमलं. गुरगुर नाही, शीळ नाही. ट्यूब चालू, टीव्हीचा डबा चालू, दोन चार्जर चालू, तरी आवाज धुतल्यासारखा. एफएममध्ये लहरीची उंची बदलत नाही, तिच्या थरथरण्याचा वेग कमी-जास्त होतो, आणि उंचीतला गोंगाट छाटून टाकता येतो; एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाला १९३३ साली याचं पेटंट मिळालं, वगैरे पोरगा सांगत होता. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. शेजारचे दोघे आले. आप्पांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "छान आहे. आता सांगली लाव."

पोरगा थांबला.

हा ट्यूनर ७६ ते १०८ मेगाहर्ट्‌झ ऐकतो. १२५१ किलोहर्ट्‌झ म्हणजे सव्वा मेगाहर्ट्‌झ. ते त्याच्या जगातच नाही. पोराने तीन वेगवेगळ्या प्रकारे हे समजावलं, आप्पांनी तिन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतलं, आणि निकाल दिला: "सांगलीत बसून कोल्हापूर लागतंय आणि सांगली लागत नाही. मग हा रेडिओ सांगलीचा नव्हे."

आकाशवाणीच्या ॲपवर सांगली ऐकता येते, हा तोडगा पोराने सुचवला आणि लावूनही दाखवला. पण ट्रान्झिस्टर शेजारीच चालू होता. त्यातून निवेदिका नमस्कार करून पुढे गेली, तिचं एक वाक्य झालं, दोन झाली, आणि मग मोबाइलमधून तीच निवेदिका पुन्हा नमस्कार करती झाली. गावातला आवाज इंटरनेटच्या वाटेने, कुठल्या कुठल्या खोल्यांतून फिरून, पुन्हा गावात यायला उशीर लागणारच. आप्पा म्हणाले, "शिळं आहे."

अशा रीतीने तो रेडिओ साताऱ्याला आला. सांगलीच्या माणसाला एखादी गोष्ट चालेनाशी झाली की ती जावयाकडे पाठवायची, हा रिवाज आमच्या लग्नाइतकाच जुना आहे. सोबत हळद आणि भडंग होतं, त्यामुळे तक्रारीला जागा राहिली नाही. शिवाय आप्पांचा युक्तिवाद बिनतोड होता: आकाशवाणी सातारा मुळातच एफएमवर, १०३.१ वर आहे. आणि रास्पबेरीही तुमच्याच जिल्ह्यातली. यावर मला एक उत्तर सुचलं होतं. सांगली जिल्हा १९४९ साली झाला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं, ते १९६० पर्यंत चाललं. म्हणजे १९५५ ला पुण्याहून गीतरामायण सुरू झालं तेव्हा गदिमांचं शेटफळेसुद्धा हिशोबाने साताऱ्यातच. हे मी सासुरवाडीत पूर्वी एकदा बोललेलो आहे. त्या दिवशीच्या जेवणाची आठवण असल्यामुळे या वेळी गप्प बसलो.

साताऱ्यात मात्र त्या ट्यूनरने चमत्कार केला. तो स्टेशन पकडतो एवढंच नाही, पकडलेल्या स्टेशनला शून्य ते पंधरा असे गुण देतो. शोध घ्यायला सांगितलं तर पट्ट्याच्या एका टोकापासून निघतो आणि उत्तीर्ण झालेल्या स्टेशनवर थांबतो. उत्तीर्ण कशाला म्हणायचं तेही आपण ठरवायचं: पाच, सात की दहा. सगळ्यात सैल अट पंधरापैकी पाच, म्हणजे तेहतीस टक्के आणि थोडं वर. एसएससी बोर्ड पस्तीस मागतं. हे यंत्र बोर्डापेक्षा दयाळू आहे.

एवढी दया असूनही आमच्या घरात निकाल कडक लागला. आकाशवाणी सातारा पंधरापैकी पंधरा. बाकीची तीन, चार, दोन. एफएमची लहर सरळ रेषेत चालते, डोंगर आडवा आला की तिचा नाइलाज होतो. पुण्याकडची स्टेशनं खंबाटकीच्या पलीकडे अडकलेली, कोल्हापूरकडची कऱ्हाडच्याही खाली, आणि आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या कुशीत. शत्रू येऊ नये म्हणून ज्यांनी तिथे किल्ला बांधला त्यांनी सिनेसंगीताचा विचार केलेला दिसत नाही. पोराने फोनवरून सांगितल्याप्रमाणे ७३ सेंटिमीटरची तार कापून खिडकीच्या गजाला लटकवली (लहर साधारण २.९ मीटरची, तिचा चौथा हिस्सा), तेव्हा एक कोल्हापूरकर स्टेशन पाचावर आलं. पण माझी मुलगी खिडकीत उभी असेल तरच. ती अभ्यासाला बसली की ते नापास. त्या काळात तिने अभ्यास उभ्यानेच केला.

या सगळ्यात एक गोष्ट कळायला मला वेळ लागला. संगणकाला रेडिओ ऐकूच येत नाही. ट्यूनरमधून आवाज निघतो तो वेगळ्या वायरने थेट स्पीकरला जातो. संगणक फक्त हुकूम देतो आणि गुण वाचतो. भजन लागलं काय, खतांचे भाव लागले काय, त्याच्या लेखी १२,६१२. आजवर ज्या ज्या साहेबांच्या हाताखाली नोकरी केली ते एकामागून एक डोळ्यांपुढे येऊन गेले.

तरी तो सकाळी उपयोगी पडायचा. सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या आईला लागतात. सुधा नरवणे बातम्या द्यायच्या तेव्हापासूनची सवय. पोराने वेळापत्रक लिहून दिलं, सात वाजून चारला रेडिओ आपोआप चालू, पंधरा मिनिटांनी बंद. छान चाललं. मग एका पहाटे वीज गेली आणि सहा-साडेसहाला आली. या संगणकाला स्वतःचं घड्याळ नसतं. त्याच्या आत घड्याळाला लागणारी बॅटरी नसल्यामुळे तो जागा झाला की शेवटची टिपून ठेवलेली वेळच खरी मानतो, आणि इंटरनेटवरून खरी वेळ कळेपर्यंत त्याच मताला चिकटून राहतो. आमचं इंटरनेट त्या दिवशी दुपारपर्यंत आलं नाही. घरात तो एकच असा होता ज्याच्या मते वीज गेलीच नव्हती. बातम्यांच्या वेळी तो पहाटेत होता, आणि आम्ही नाष्ट्याला बसलो तेव्हा त्याचे सात वाजून चार झाले. खोलीत एकदम शेतकऱ्यांसाठी हवामानाचा सल्ला सुरू झाला. आई म्हणाली, "याला काल कोणी रागावलंय का?"

याच संगणकात आणखी एक अवगुण आहे. चाळीसपैकी एका पिनेला तारेचा तुकडा लावला आणि विशिष्ट प्रोग्रॅम चालवला की तो स्वतःच एफएमवर बोलायला लागतो, म्हणजे ट्रान्समीटर होतो. पोराच्या डोक्यात ते होतंच; विश्रामबागेपुरतं स्टेशन काढू म्हणत होता. आप्पांनी एका वाक्यात थांबवलं: "पावतीशिवाय माल बाहेर जात नाही." कायद्याचंही तेच म्हणणं आहे. बिहारात वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरला राघव महतो या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने घरी जुळवलेल्या ट्रान्समीटरवर गावाचं स्टेशन चालवलं, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि २००६ साली परवाना नाही म्हणून ते बंद झालं. त्याच्याही आधी, १९४२ साली, उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला होता. त्यांनी परवाना मागितला नव्हता कारण ज्याच्याकडे मागायचा त्यालाच हाकलायचं होतं. त्या काळात आमच्याकडे नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. पोराला मी म्हटलं, असं काही कारण असेल तर सांग, आप्पांची समजूत मी घालतो. तो म्हणाला, फक्त गाणी लावणार होतो.

परवाना घेऊन बोलायचं असेल तर सोय आहे. म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला गेलो तेव्हा हौस म्हणून रेडिओची पिशवी बरोबर नेली होती. तिथे माणदेशी फाउंडेशनची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून ९०.४ वर चालते. ट्यूनरने एका झटक्यात भरघोस गुण दिले. अशा सामुदायिक रेडिओला ताकद शंभर वॅटची, मनोरा फार तर तीस मीटरचा. पुढच्या खोऱ्यात गेलं की आवाज संपला. पण त्या टापूत बायका आपल्या बोलीत शेळीच्या आजारापासून बचत गटाच्या हप्त्यापर्यंत बोलत होत्या, आणि माझी बायको गाडीतून उतरायला तयार होईना. सांगली जिल्ह्यातही जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे, हे तिने तिथल्या तिथे मला ऐकवलं. सांगलीकर माणूस म्हसवडच्या देवळाच्या दारातसुद्धा बरोबरी साधून घेतो.

खरी गंमत घरी परतल्यावर झाली. सगळ्यांना सोयीचं व्हावं म्हणून पोराने प्रत्येकाच्या मोबाइलवर रेडिओचं पान टाकून दिलं होतं. आता फळी नाही, रुमाल नाही. जो बोट लावेल त्याचं स्टेशन. बायको भक्तिसंगीतावर, मुलगी खिडकीतून कोल्हापूरवर, मी बातम्यांवर. आणि पोराने दुरुस्तीसाठी म्हणून सांगलीहून चालेल अशी एक वाट स्वतःकडे ठेवलेली, त्यामुळे रात्री अकराला आमच्या दिवाणखान्यात अचानक शोध सुरू व्हायचा. एफएमचा मूळ स्वभावच असा आहे की एकाच जागेवर दोन स्टेशनं आली तर दोघांची सरमिसळ होत नाही. ज्याचा जोर जास्त तेच ऐकू येतं आणि दुसरं पुरतं पुसलं जातं. ग्रामसभेत बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. संगणकाचं मात्र तसं नव्हतं. त्याला जोर कळत नाही. शेवटचा जो बोलला तो खरा. परिणामी आमच्या घरात प्रत्येक जण शेवटचं बोलायच्या खटपटीला लागला, आणि रेडिओ एका गाण्याचं ध्रुवपद आणि दुसऱ्याचा अंतरा लावत सुटला.

पोराला कळवलं. त्याने हसत उत्तर दिलं, "काका, सोपं आहे. प्राधान्यक्रम टाकून देतो. वरच्या नंबरच्या माणसाने लावलेलं खालच्याला बदलता येणार नाही. फक्त मला सांगा, घरात एक नंबर कोणाला देऊ?"

फोन स्पीकरवर होता.

मी खिडकीबाहेर पाहिलं. बायकोने भाजी निवडायचा वेग वाढवला. मुलगी, जी एरवी प्रत्येक प्रश्नावर मत देते, तिला पुस्तकात काहीतरी सापडलं. आमच्या घरात एक नंबर कोणाचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि प्रत्येकाला वेगळं माहीत आहे. त्यावर आमचा संसार इतकी वर्षं सुरळीत चालला आहे. वडिलांच्या वेळीसुद्धा हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लायसन्सवर नाव वडिलांचं होतं, पण आज संध्याकाळी कीर्तन ऐकायचं आहे असं आजी नुसती पुटपुटली की वडिलांची सुई बरोबर तिथेच जाऊन लागायची, आणि ती आपोआप लागली असं ते मानायचे. अशा गोष्टीला आकडा द्यायचा म्हणजे काय? यंत्राला पुटपुटणं कळत नाही. त्याला एक, दोन, तीन, चार हवेत.

"सावकाश सांगा," पोरगा म्हणाला. "तोवर एक नंबर रिकामा ठेवतो."

तो अजून रिकामा आहे. त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा अर्थ असा झाला की एक नंबर जागेवर नसताना बाकीच्या कोणालाही स्टेशन बदलायला त्याची परवानगी लागते, आणि जागेवर कोणीच नसल्यामुळे ती मिळत नाही. संगणक नम्रपणे "प्रतीक्षा करा" असं दाखवतो. त्या क्षणी १०३.१ लागलेलं होतं. तेव्हापासून तेच आहे. आईकडे साधा फोन आहे, तिच्या फोनवर रेडिओचं पान नव्हतंच. या भांडणात तिला कोणी धरलं नव्हतं. ती रोज बातम्या ऐकते, दुपारी भावगीतं ऐकते, आणि आम्हाला म्हणते, पोराने छान करून दिलाय, मुळीच हलत नाही.

सांगलीत आप्पांच्या कानावर हे गेलं. त्यांना निराळंच दुःख होतं: जावयाकडे सातारा पंधरापैकी पंधरा लागतं आणि आपण अंधारात बसतो. पोराने मग दुसरी चिप आणली, एसआय ४७३५, जिला मीडियम वेव्ह, शॉर्टवेव्ह, एफएम सगळं समजतं. १२५१ लागलं. अँटेना ट्यूबपासून लांब, गच्चीच्या कठड्याला बांधल्यावर गुरगुरही पुष्कळ कमी झाली. आप्पांनी दोनच अटी घातल्या होत्या. मोबाइल नको, आणि पिळायला बटण हवं.

बटण लावलं. ते पूर्वीसारखं नव्हे. हे गोल गोल कितीही फिरतं, टोक येत नाही, प्रत्येक खटक्याला संगणकाला एक निरोप जातो. आप्पांनी ते बराच वेळ एकाच दिशेने फिरवलं. "याला शेवट कुठे आहे?" पोराने प्रोग्रॅममध्ये शेवट घातला: पट्टा संपला की बटण फिरेल, पण पुढे काही होणार नाही. आप्पांनी पुन्हा फिरवून खात्री केली.

"म्हणजे बटण मी फिरवतो, ते कॉम्प्युटरला विचारतं, आणि कॉम्प्युटर रेडिओला सांगतो."

"हो, आप्पा."

"मधे माणूस वाढला." मग थोड्या वेळाने, "साताऱ्याला ते नंबरचं काय केलं होतंस?"

पोराने भीत भीत प्राधान्यक्रमाचं सांगितलं, एक नंबर रिकामा राहिल्याचंही. आम्ही सगळे तिथेच होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. आप्पांना मात्र यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. चाळीस वर्षं पेढीवर काढलेल्या माणसाने चष्मा पुसला आणि सांगून टाकलं, "एक नंबरला तुझ्या आजीचं नाव घाल. वहीवर नाव मालकाचंच असतं."

पोराने घातलं. "आणि पासवर्ड कालचाच ठेवू?"

"तो तिला कशाला? वही दिवाणजीकडे असते. मला सांग."

आतून, भांड्यांच्या आवाजातून, सासूबाई म्हणाल्या, "काल सांगितलाय त्याने. रात्री मी तो बदललाय."